चार माग माझ्या नावावर

तिसऱ्या मागावर घण पडत होता तेव्हा मी शेडच्या दारात पोचले.

बीडाचं लोखंड वाकत नाही, फुटतं. पहिल्या घावाला मागाची बाजू तडकते, दुसऱ्या घावाला खाली येते. दोन माणसं आळीपाळीने घण मारत होती आणि तिसरा तुकडे उचलून हातगाडीवर टाकत होता. आधीच्या दोन मागांचे तुकडे गाडीवर पडलेच होते. धोटे, फण्या, चामड्याचे पट्टे, म्हणजे जे जे लोखंड नव्हतं, ते पायाने एका कोपऱ्यात सारलं होतं. माझा मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. अठरा वर्षं आमच्याकडे काम करणारा विणकर बाहेर पायरीवर बसला होता आणि रस्त्याकडे बघत होता. तो उत्तरेकडचा, मला चाची म्हणायचा. त्या दिवशी मी आले तरी त्याने माझ्याकडे मान वळवली नाही.

"थांबव," मी मुलाला म्हटलं.

"आये, तू घरी जा."

"थांबव म्हणते ना."

"आता काय थांबवायचं? सौदा झाला. आठही जाणार."

"माग बारा हायत."

बोलला तो भंगारवाला. दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो कागद चाळत होता. त्या वर्षी भाडेकरू मालकाच्या माघारी माग विकून गावी पळाल्याच्या भानगडी झाल्या होत्या, म्हणून मालकाची सही घेतल्याशिवाय तो घणाला हात लावू देत नसे. आठ मागांच्या कागदावर माझ्या मुलाची सही होती. त्याने दुसरा कागद वर काढला.

"बाकी चार में तो औरत का नाम है."

"मेरी माँ है," मुलगा म्हणाला. "करेगी सही."

भंगारवाल्याने पेन पुढे केलं. "माँजी, इधर."

"मैं सही नहीं करेगी," मी म्हटलं.

"लोहे का भाव गिरने वाला है, माँजी."

"गिरने दो. मेरे सिर पे नहीं गिरता."

पायरीवरचा विणकर हसला. मुलगा बाहेर निघून गेला. संध्याकाळपर्यंत आठ माग फुटले आणि मी तिथेच उभी राहिले. माझ्या चार मागांना हात लागू नये एवढ्यासाठी उभी होते. माणसं घाईत असली की चुकून घाव पडतो आणि मग म्हणतात, आता फुटलाच, तर नेऊ द्या.

हे चार माग माझ्या नावावर कसे, ते सांगते. मी विकत घेतलेले नव्हते. आमची खाडीकाठी भातशेती होती आणि थोडं मिठागर होतं. ते विकून नवऱ्याने निजामपुऱ्यात, मागवाल्यांच्या वस्तीत, शेड घेतली, पहिले चार माग टाकले, मग आणखी टाकले. तेव्हा एक कर सल्लागार आमच्याकडे यायचा. त्याने सांगितलं, एका नावावर चारपेक्षा जास्त माग दाखवू नका. जास्त माग दिसले की जास्त कमाई दिसते आणि साहेबाची नजर जाते. म्हणून चार नवऱ्याच्या नावावर, चार मुलाच्या आणि चार माझ्या. वीज मीटरही तसेच तीन.

हे काही आमचंच डोकं नव्हतं. सगळ्या गल्लीत असंच होतं. कुणाचे माग बायकोच्या नावावर, कुणाचे विधवा आत्याच्या. एका शेजाऱ्याचे दोन माग त्याच्या आजीच्या नावावर होते आणि ती मेल्यावरही बरीच वर्षं कमावत होती. ज्यांच्या नावावर माग, त्यातल्या बहुतेक बायकांनी शेडचा उंबरा ओलांडलेला नव्हता. मी निदान कांड्या भरायचे. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची बारीक गुंडाळी. मागाला ती सतत लागते.

दरवर्षी जुलैत सल्लागार कागद आणायचा आणि मी सही करायचे. चौथीपर्यंत शिकले आहे, सही नीट येते. कागद मात्र वाचायला कुणी देत नसे. एकदा मी नवऱ्याला विचारलं, "मी किती कमावते?"

"माझ्यापेक्षा जराशी कमी," तो म्हणाला.

"मग मला दिसत कसं न्हाय?"

"मलाच दिसत न्हाय, तुला कुठून दिसेल?"

तो गेल्यावर त्याचे चार माग मुलाच्या नावावर झाले. माझे तसेच राहिले. नाव बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण नावं वेगळी ठेवण्यातच शहाणपण होतं. कर चुकवायला म्हणून त्यांनी मला मालक केलं आणि मग मी मालक आहे हे तेच विसरले.

मुलाने माग का फोडले, तेही सांगायला हवं, नाहीतर तो वाईट ठरेल. तो वाईट नाही. आमचं काम असं, की व्यापारी सूत देतो, आपण विणून द्यायचं, विणाई मिळते. त्या वर्षांत व्यापारी सूत कमी द्यायला लागला, मग विणाई पाडून मागायला लागला. विचारलं की म्हणायचा, बंदरावर तयार कापड उतरतंय ते तुमच्या सुताच्या भावात पडतं, तुम्हाला विणाई कशातून देऊ? बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जी जकात घेतं, ती वर्षागणिक उतरत होती. जी होती तीही आणणारे कागदावर किंमत कमी लिहून चुकवत होते. हे व्यापारीच हसत हसत सांगायचा. त्यात वीज दिवसातून कितीदा जायची याला गणती नव्हती. माग चालवला तर तोटा, बंद ठेवला तर थोडा कमी तोटा, असं मुलगा म्हणायचा आणि ते खरं होतं.

माझ्या घरातच काय झालं ते ऐका. आम्ही त्या वेळी पडद्याचं कापड विणत होतो. सून एक दिवस ठाण्याला गेली आणि बैठकीच्या खोलीला पडदे घेऊन आली. मोठी मोठी फुलं आणि चकाकी. मी काठ चिमटीत धरला. आमच्या मागाचा काठ कुठेतरी सैल लागतोच, हा सगळीकडे सारखा.

"कुठलं हे?"

"चायनाचं, आई. निम्म्यात मिळालं."

"आपण काय विणतो?"

"पडद्याचं."

"मग?"

"मग काय? आपलं कापड दुकानात दिसतच नाही. दिसलं तर महाग. मी काय करायचं, खिडक्या उघड्या ठेवून बसायचं?"

पडदे लागले. शेडमधून येणाऱ्या जाणाऱ्या विणकरांना ते खिडकीतून दिसायचे. एकाने तर दारात उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "माल अच्छा है, चाची." त्याला खरंच आवडला होता.

तर आठ माग गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा सल्लागाराला घेऊन आला. म्हातारा झाला होता, पण बॅग तीच. सुनेने चहा दिला. त्याने मला आधी लोखंडाचा भाव सांगितला, मग शेडचं भाडं. शेड रिकामी झाली तर गोडाऊन म्हणून घ्यायला एक पार्टी तयार होती. शहराबाहेर काल्हेरला गोडाऊनची रांग लागली होती, पण या पार्टीला बाजाराजवळ जागा हवी होती.

"काय ठेवणार?" मी विचारलं.

मुलाने सल्लागाराकडे बघितलं.

"कापडच," सल्लागार म्हणाला. "गठ्ठे."

"कुठलं?"

"बाहेरचं."

मी मुलाला म्हटलं, "ज्याने आपले माग बंद पाडले त्यालाच बसायला जागा देतोस?"

"आये, तो न्हाय आला तर दुसरा येईल. कापड थांबणार हाय का? एक तारखेला भाडं येईल. त्यावर टॅक्स भरावा लागेल, भरेन की. टॅक्स भरायला आधी कमाई लागते. माग चालवून माझ्यावर ती पाळी कधी आली?"

हे त्याचं बोलणं बिनचूक होतं. मला राग त्याच्यावर नव्हता आला, सल्लागारावर आला, कारण तो पुढे बोलला. म्हणाला, "आजी, तुम्ही उगाच घाबरता. सरकार उद्योगाला मदत करणारच आहे. मालकांची सभा आहे, आम्ही मागणी करतोय, मागवाल्यांना प्राप्तिकरात सूट द्या."

"मी आजवर किती कर भरला?"

"एक पैसा नाही," तो अभिमानाने म्हणाला. "मीच वाचवला तुमचा."

"मग सूट कशातून देणार?"

तो हसला. मुलगाही हसला. सून दारात उभी होती, ती हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर विचारतात त्या."

सभेचं पत्र माझ्या नावानेही आलं होतं. कागदावर मालक असलेल्या सगळ्याच बायकांच्या नावाने पत्रं आली होती आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या घरचे पुरुष गेले. मी स्वतः गेले. एका लग्नाच्या हॉलमध्ये सभा होती. मी पुढच्या रांगेत बसले. बॅज लावलेला एक जण आला.

"मावशी, इथं मालक बसणार आहेत."

"म्हणूनच बसले."

"नाही, म्हणजे, तुमच्यातलं कोण आलंय?"

"आमच्यातली मीच आलेय." मी त्याला पत्र दाखवलं. त्याने उलटून पालटून बघितलं आणि गेला.

सल्लागार तासभर बोलला. करसूट मिळाली तर उद्योगात पैसा राहील, त्यातून नवे माग येतील, नव्या मागांवर चांगलं कापड निघेल, मग बाहेरच्यांशी टक्कर देता येईल. टाळ्या पडल्या. कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं तेव्हा मी उठले. माइक नको म्हटलं. मागाच्या आवाजात बोलायची सवय आहे मला.

मी म्हटलं, "माझ्या नावावर चार माग हायत. कर मी भरत न्हाय, कारण कमाई न्हाय. इथं बसलेल्या किती जणांनी मागल्या साली कर भरला? हात वर करा."

थोडे हात वर झाले. त्यातले काही माझ्या ओळखीचे होते. त्यांचा सुताचा आणि कापडाचा व्यापार होता, मागापेक्षा त्यातच जास्त.

"बघा. सूट यांना मिळणार. मला सूट म्हणजे टकल्याला कंगवा. आणि बंदरावरून कापड आणणारा, तोही इथलाच व्यापारी. त्याची कमाई सगळ्यात जास्त. तोही उद्योगवाला म्हणून रांगेत उभा राहील आणि सूट त्यालाच सगळ्यात मोठी मिळेल. म्हणजे माझे माग बंद पाडायला सरकार त्यालाच हातभार लावणार."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग तुमचं म्हणणं काय, आजी?"

"आपल्या नाक्यावर पालिका ट्रक अडवून जकात घेते का न्हाय? गावात माल आणायचा तर आधी पैसे मोज. तशी बंदरावर घ्या, कापडावर, आणि कागदावर खोटा भाव लिहिला तर माल सोडू नका. माझं कापड विकलं जाऊ दे. मग कमाई होईल, मग मी कर भरेन. एवढी वर्षं खोटी सही केली, एकदा खरी करेन."

हसले लोक. पण एक तरुण मालक उठला, डोळ्यावर चष्मा, चांगला शिकलेला. तो हसला नाही.

"आजी, मी बाहेरचं सूत वापरतो. स्वस्त पडतं म्हणून माझे माग चालतात. तुम्ही जकात मागायला गेलात की सूत बनवणारे मोठे कारखानदार तुमच्या आधी पोचतील. ते म्हणतील आमच्याही मालावर लावा. त्यांचं ऐकलं जाईल. कापडावर लागेल न लागेल, सुतावर नक्की लागेल. मग माझे माग तुमच्यामुळे बंद पडतील."

हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. म्हटलं, "मग कापडावर लावा आणि सुतावर लावू नका, असं स्पष्ट लिहा."

"लिहून मिळतं का? आपलं कोण ऐकतंय?"

"कुणी ऐकेल का, ते मला न्हाय माहीत. पण जे मागायचं तेच चुकीचं मागितलं, तर ऐकलं तरी आपल्याला काय मिळणार?"

"आणि कापड महाग होईल त्याचं काय? घेणारे गरीबच आहेत."

"होईल महाग. माझ्या सुनेला पडदे महाग पडतील. तिने घरात चायनाचे लावलेत, मी काढायला सांगितलं न्हाय. पण पडदा महाग झाला तर ती जुना धुऊन वापरेल. माग फुटला तर तो धुऊन वापरता येत न्हाय."

आजही मला वाटतं त्या तरुणाचं निम्मं बरोबर होतं. माझंही निम्मंच असेल. पण माझ्या निम्म्यासाठी तिथं दुसरं कुणी बोललं नाही.

सभेनंतर अर्ज तयार झाला. मोठ्या अक्षरात पहिली मागणी प्राप्तिकरात सूट, मग वीज, मग कर्ज आणि सगळ्यात खाली बाहेरच्या कापडावर जकात. सभावाल्यांची माणसं सह्या घेत घरोघर फिरली. बायकांच्या सह्या पुरुषांनीच आतून आणून दिल्या. माझ्याकडे माणूस आला तेव्हा मुलगा घरी होता. तो म्हणाला, "तिला विचारू नका, तिला कुठेच सही करायची नसते."

मी अर्ज मागून घेतला. सुनेकडून वाचून घेतला. मग माझ्या नावापुढे स्वतः लिहिलं, कर माफी नको, कापडावर जकात लावा, सुतावर लावू नका. खाली सही केली. तो माणूस म्हणाला, "आजी, सगळा कागद खराब केलात." मी म्हटलं, "दुसरा आण, त्यावरपण लिहीन." तो पुन्हा आला नाही. माझी ओळ ठेवली की पान बदललं, ते मला माहीत नाही. अर्जाचं पुढे काय झालं तेही कुणी सांगितलं नाही. कापड येत राहिलं.

मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. जेवायचा, उठायचा. मीही बोलले नाही. आठ मागांची जागा रिकामी पडली होती, जमिनीत नटबोल्टची भोकं दिसायची. माझे चार माग एका बाजूला उभे, त्यांनाही काम नव्हतं. व्यापाऱ्याने पडद्याचं सूत द्यायचं बंदच केलं होतं.

तोडगा विणकराने काढला. तो एका सकाळी आला आणि म्हणाला, "चाची, वो लोग चमक बनाते हैं. चमक में हम नहीं जीतेंगे. मोटा बनाओ."

"काय मोटा?"

"सुती. अस्तर का, पोछे का, हलवाई के छानने का. वो जहाज़ में कोई नहीं लाता. भाड़ा ही नहीं निकलेगा."

त्याच्या ओळखीच्या एका छोट्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोघं रिक्षाने गेलो. त्याने मला बघून विणकराला विचारलं, मालक कुठाय? विणकर म्हणाला, "यही है. कागज भी इसी के नाम पे है." पहिली दोन बीमं मिळाली. ज्याच्यावर उभं सूत गुंडाळलेलं असतं तो रूळ म्हणजे बीम. ती मागाला चढवली आणि अस्तराचं जाड सुती कापड निघायला लागलं. दिसायला कोरं, पिवळट, हाताला खरखरीत. कुणी हौसेने खिडकीला लावणार नाही. पण शिंप्याला रोज लागतं.

पहिले चार दिवस कांड्या मी भरल्या. डोळे साथ देईनात, सूत सुटायचं. पाचव्या दिवशी सून येऊन शेजारी बसली.

"सरका, आई. तुम्ही भरता त्यातल्या निम्म्या सैल आहेत, विणकर बिचारे काही बोलत नाहीत एवढंच."

तिला येत नव्हतं. आठवड्यात आलं.

त्यानंतर मुलगा शेडमध्ये आला, सभेनंतर पहिल्यांदाच. चार माग चालू होते, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं.

"भिंत कुठं घालू?"

"कसली भिंत?"

"गोडाऊनची. माझ्या आठची जागा मी देतोय. तुझ्या चारची तू ठेव. मागावर सुताचा भुसा उडतो, पार्टीला चालणार न्हाय. भिंत घालावी लागेल."

मी चपलेने जमिनीवर रेघ ओढली. तो म्हणाला, "अजून अर्धा फूट इकडे सरक." मी म्हटलं, "विणकर कुठून चालेल?" शेवटी माझ्याच रेघेवर विटा चढल्या.

तेव्हापासून भिंतीच्या पलीकडे बाहेरच्या कापडाचे गठ्ठे आणि अलीकडे माझे माग. पलीकडे ट्रक येतो, हमाल गठ्ठे उतरवतात, शटर पडतं. पुढे सरकारने करात काय काय सवलती दिल्या त्या सल्लागार मुलाला समजावून सांगायचा. भाड्याच्या कमाईला त्यातली काही लागू व्हायची, माझ्या मागांना एकही नाही, कारण माझी कमाई कराच्या रेघेपर्यंत पोचतच नव्हती. जुलैत सल्लागार कागद आणायचा तेव्हा मी सुनेला आधी वाचायला सांगायचे. एका वर्षी त्याने कमाई कमी लिहिली होती. मी त्याला ती खरी लिहायला लावली. तो म्हणाला, "आजी, खरी लिहून काय मिळणार?" मी म्हटलं, "माझी हाय, दिसू दे."

बारा मागांवर चार विणकर होते. एक गावी गेला आणि परत आला नाही. दोघं काल्हेरच्या गोडाऊनमध्ये हमालीला लागले, त्यातल्या एकाची पाठ गेली. चौथा, चाची म्हणणारा, माझ्याकडे राहिला. मुलगा भाड्यावर जगतो. माझ्या नावाचे चार माग, तो एक विणकर, सून आणि मी, एवढे त्या वर्षांतून काम करत बाहेर आलो.